वाघबारस

आश्विन वद्य द्वादशीस आमच्या दांडिया बाजारातील मराठी घरांतून वसुबारस साजरी होते. अंगणे आता फारशी उरली नाहीत, पण उंबऱ्याशी गाय-वासराची रांगोळी निघते आणि जुन्या चालीच्या बायका त्या दिवशी दूधदुभते वर्ज्य करतात. भिंतीपलीकडच्या गुजराती शेजाऱ्यांकडे त्याच तिथीचे नाव वाघबारस. एका भिंतीच्या अलीकडे गाय आणि पलीकडे वाघ! विद्वान मंडळी सांगतात, की तो 'वाघ' नसून 'वाक्', म्हणजे वाग्देवता आहे. असेल तसे. परंतु डांगात, सोनगड-व्यारा भागात गुराख्यांना ही व्युत्पत्ती कोणी सांगितलेली दिसत नाही. ते त्या दिवशी रानाच्या कडेला वाघदेवासमोर नारळ फोडतात आणि 'आमची गुरे राख' असे त्यालाच विनवितात. ज्याच्यापासून भय, त्याच्याकडेच राखण सोपविण्याची ही रीत मला व्युत्पत्तीहून अधिक शहाणपणाची वाटते.

सोनगड हे नाव बडोद्याच्या मराठी माणसाला परके नाही. पिलाजीराव गायकवाडांनी तो किल्ला घेतला ते साल १७१९. आपली गादी बडोद्यास येण्यापूर्वी त्या वाघांच्या मुलखात होती. पुढे राज्य स्थिरावले, शिकारखाने उभे राहिले आणि पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरविण्याचा खेळ पाहण्यास परदेशी पाहुणे येऊ लागले. चित्ता देशातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. वाघ त्यानंतरही काही दशके डांगात टिकून राहिला आणि मग तोही दिसेनासा झाला. आमच्या पिढीने वाघ पाहिला तो कमाटीबागेतल्या पिंजऱ्यात, खारे शेंगदाणे खात.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे एक जुनी चूक. ती माझीच आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीत लुणावाड्याजवळून जाणाऱ्या एका शाळामास्तरांना रस्ता ओलांडणारा वाघ दिसला. त्यांनी गाडीतूनच मोबाईलवर त्याचे छायाचित्र घेतले. ते आमच्या बैठकीत आले तेव्हा मी चष्मा पुसून ते पाहिले आणि निर्वाळा दिला, की हे कोठले तरी दुसरीकडचे चित्र आहे. लुणावाड्यात वाघ असता तर आम्हांस कळले नसते काय? बडोद्याहून लुणावाडा सव्वाशे किलोमीटर. मी तेथे उभ्या आयुष्यात दोनदा गेलो असेन, दोन्ही वेळा लग्नाला.

वनखात्याने मात्र रानात कॅमेरे लावले आणि थोड्याच दिवसांत रात्रीच्या अंधारात तोच वाघ त्यांत उमटला. साऱ्या गुजरातेत आनंदीआनंद झाला. सिंह, बिबट्या आणि वाघ हे तिन्ही आमच्याकडे, अशा बातम्या छापून आल्या. महिना सरला नाही तोच त्याच भागात त्याचे कलेवर सापडले. विषप्रयोग झाला काय, शिकार झाली काय, अशी चर्चा झाली. तपासणीअंती जे कारण पुढे आले ते ऐकून मला अन्न गोड लागले नाही. तो उपाशी मेला होता.

अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याचे मूळही समजले. भोपाळजवळच्या रातापाणीच्या जंगलातला हा वाघ. पट्टे म्हणजे वाघाच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. इतकेच नव्हे, तर त्याची डावी कूस उजवीसारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना, माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. मधून प्राणी गेला, की ते आपोआप चित्र घेतात. मग संगणक जुन्या चित्रांशी मेळ घालून हा कोण ते सांगतो.

पूर्वी हे काम पाऊलठशांवर चाले. ओरिसातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसविली. धुळीतल्या ठशावर काच ठेवायची, वरून त्याची रेघ उतरवून घ्यायची, नाहीतर ठशात प्लास्टर ओतून साचा काढायचा. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले ते असे. त्या आकड्याने देश हादरला आणि पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाटही होता. तेव्हा त्या पद्धतीचे ऋण मोठे आहे. पण ओल्या मातीत आणि कोरड्या मातीत एकाच पायाचे दोन ठसे निराळे उमटतात आणि मोजणाऱ्याला वाघ वाढवून दाखविण्याचा मोह असेल तर काच काही बोलत नाही. राजस्थानातील सरिस्का येथे २००४ साली कागदावर सोळा-सतरा वाघ होते. २००५ उजाडले तेव्हा रानात एकही नव्हता! त्या नामुष्कीनंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि मोजणी नव्या रीतीने होऊ लागली. २००६ सालचा आकडा १,४११ इतका खाली आला. २०२२ च्या मोजणीत तो सरासरी ३,६८२ आहे, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. कॅमेरे आले तरी वनरक्षकांची पायपीट मात्र सुटलेली नाही. आधी त्यांनी रान तुडवून विष्ठा, ओरखडे, माग शोधायचे, हरणे-डुकरे मोजायची, कॅमेरे त्यानंतर.

हरणे मोजायची कशासाठी, असे माझ्या नातीने विचारले. वाघाला आठवड्याला साधारण एक मोठे जनावर लागते, म्हणजे वर्षाला पन्नास. मूळ कळप न खुंटता वर्षाला पन्नास निघावयाचे तर रानात पाचशे हवेत. "म्हणजे आजोबा, मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगायचे," असे ती म्हणाली. बँकेत नोकरी केलेल्या माणसाच्या नातीने दुसरे काय म्हणावे! परंतु हिशेब बिनचूक आहे. लुणावाड्याच्या वाघाला ना मुद्दल मिळाले, ना व्याज.

त्याच २०१९ साली विदर्भात दुसरा एक तरुण वाघ घर सोडून निघाला होता. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा हा नर. आईपासून सुटल्यावर तरुण नरांना स्वतःचा मुलूख शोधावाच लागतो. बापाच्या राज्यात त्यांना थारा नसतो. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता, म्हणून त्याची वाट पावलोपावली नकाशावर उमटली. शेते, ओढे, हमरस्ते ओलांडीत, तेलंगणाची हद्द घेऊन तो परत फिरला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. सुमारे नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटर! त्याला शिकार मिळाली, तो जगला. जोडीदारीण मात्र त्या रानात नव्हती. आमचा लुणावाड्याचा वाघ असाच निघालेला. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. भोपाळपासून महीच्या खोऱ्यापर्यंत तो कोठे थांबला, कोठे उपाशी राहिला, याची नोंद कोणापाशी नाही. तो आला हे कळले तेच एका मास्तरांच्या मोबाईलमुळे, आणि त्यांनाही माझ्यासारखे शंकेखोर भेटले.

आता रतनमहालाविषयी. दाहोद जिल्ह्यातील हे अभयारण्य १९८२ साली अस्वलांसाठी राखले गेले. बडोद्याहून दीडशेएक किलोमीटर. मध्य प्रदेशची सीमा त्याला लागूनच आहे. २०२५ च्या आरंभी तेथे एक नर वाघ आला, कॅमेऱ्यांत पुनःपुन्हा उमटला आणि महिनोन्महिने त्याने मुक्काम हलविला नाही. नोव्हेंबरात राज्याच्या वनमंत्र्यांनी ती वार्ता जाहीर केली. पुन्हा मिठाई, पुन्हा 'तिन्ही आमच्याकडे' हे अभिमानाचे शब्द. या वेळी मी चष्मा पुसला नाही. आधी नकाशा काढला. अवघे ५५ चौरस किलोमीटरचे रान. अस्वलाला तेथे वाळवी आहे, मध आहे, मोहाची फुले आहेत. वाघाचे त्यावर भागत नाही. रानात हरीण कमी पडले, की तो गोठ्याकडे वळणार, आणि तेथला गोठा भिल्ल शेतकऱ्याचा, ज्याची सारी संपत्ती एक बैलजोडी. त्या बैलाची भरपाई आठ दिवसांत हातात पडली, तर तो माणूस वाघाला वाघदेव म्हणत राहील. आठ महिने कचेरीत खेटे घालावे लागले, तर मेलेल्या बैलावर विष टाकण्यास कोणी तरी प्रवृत्त होईल, आणि शहरात बसून त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी नाही.

मला विचाराल, तर तिसऱ्या श्वापदाचा अभिमान थोडा बाजूला ठेवून आधी चितळ-सांबरांची चौकशी केली पाहिजे. दुसरी चौकशी वाटेची. रातापाणीस २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा तेथून तरुण नर बाहेर पडतच राहणार. मधल्या वाटेवरचे झाडोरे, ओढ्यांचे काठ आणि माळ शाबूत राहिले तर ते येतील. माद्या नरांइतक्या दूर भटकत नाहीत. एखादी आपल्या पायांनी यायची, तर ती वाट अधिकच सलग हवी.

यंदाच्या द्वादशीस नातीने उंबऱ्याशी गाय-वासरू काढले आणि शेजारच्या बांना बोलावून दाखविले. बा म्हणाल्या, "अमारा वाघनी पण जग्या राखजे." नातीने उरलेली रांगोळी पाहिली. केशरी संपली होती. ती चप्पल घालून मांडवीकडे निघाली, आणि मी कोपऱ्यातली जागा ओल्या फडक्याने पुसून ठेवली.