साबणाने टाकी फुटत नाही, भाऊजी

खूप दिवसांनी लिहितोय. निमित्त भांडणाचं आहे आणि भांडण घरातलंच आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी जरा सांभाळून वाचावं.

तर झालं असं की मे महिन्यात आम्ही माहूरला निघालो होतो. आई, ताई, भाऊजी, मी आणि बाबांच्या वेळची बारा वर्षांची गाडी. आर्णीच्या अलीकडेच काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटखालून वाफ. उघडून बघतो तर रेडिएटरच्या वरच्या काळ्या टाकीला बोटभर चीर! यवतमाळ जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन, रस्त्याकडेला एक बाभूळ आणि तिच्या पसाभर सावलीत आई दीड तास बसलेली. ती एक शब्द बोलली नाही. भाऊजी बोलले. "परवा तू तो किचनचा स्प्रे मारून इंजिन धुतलंस ना? त्यानंच प्लास्टिक खाल्लं."

त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या अख्ख्या गोतावळ्यात फिरतंय. पुसदच्या मावशीने तर घरातला स्प्रेच फेकून दिला म्हणे. आणि वर भाऊजींचा सल्ला, की इंजिनाला साबण लावूच नका, धुऊन झालं की डिझेल मारून घ्या, कसं चकचकीत दिसतं बघा. घरातल्या तीन गाड्यांना मारूनही झालं. म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी टाकीचं बघू. गाडीच्या बहुतेक प्लास्टिकच्या भागांवर कुठेतरी बारीक अक्षरांत ते कशाचं बनलंय ते कोरलेलं असतं. फुटलेली टाकी मी घरी आणली, चष्मा लावून वाचली. पीए ६६, जीएफ ३०. म्हणजे नायलॉन ६६ आणि त्यात तीस टक्के काचेचे तंतू. हे नायलॉन तेलाला, ग्रीसला, पेट्रोलला दाद देत नाही. कडक आम्ल मात्र त्याला सोसत नाही (म्हणून संडास साफ करायची बाटली इंजिनाजवळ नेऊ नका, असली बुद्धी कुणाला सुचते ते मला माहीत आहे). पण ओट्यावरचं तेलकट काढायचा सौम्य स्प्रे गार इंजिनावर पाच मिनिटं बसला, तर त्या टाकीला पत्ताही लागत नाही. तिला मारतं ते गरम पाणी. आतून, दाबाखाली, नव्वद-शंभर अंशांवर, वर्षानुवर्षं. नायलॉन हळूहळू ठिसूळ होत जातं आणि एक दिवस जातं. आमच्या टाकीची बाहेरची बाजू अजून काळी, टणक होती. आतली पांढुरकी आणि खरवडली तर भुगा निघेल अशी.

मिस्त्रीने एका नजरेत ओळखलं. "हे साबनानं नाही फुटलं भाऊ. साधं पानीच टाकत आले ना यात?"

हो. साधं पाणीच. आणि ते मीच ओतत होतो, तीन वर्षं, कूलंटचे पैसे वाचवायला. नुसतं पाणी कूलंटपेक्षा लवकर उकळतं, आतलं अ‍ॅल्युमिनियम गंजवतं, गाळ धरतं, मग गाडी आणखी तापते. तेव्हा भाऊजी, आई उन्हात बसली त्याला मी जबाबदार आहे, हे कबूल. पण त्या स्प्रेमुळे नाही.

मग स्प्रे अगदी निर्दोष का? तसंही नाही, आणि इथेच दोन्ही बाजूंचे लोक मला छळतात. एक म्हणतो, पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळतं, म्हणजे केमिकलने प्लास्टिक गळतंच. अरे बाबा, मग पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये राहतं कसं? कित्येक गाड्यांच्या इंधनाच्या टाक्याच प्लास्टिकच्या असतात. दुसरा म्हणतो, स्प्रेची बाटलीच प्लास्टिकची आहे, मग प्लास्टिकला काय होणार? हा तर त्याहून पुढचा. बाटली पॉलिथिलीनची. बॅटरीचा डबा पॉलिप्रॉपिलीनचा, तोही असल्या स्प्रेला जुमानत नाही. पण हेडलाइटची काच, जी काच नसतेच, ती पॉलिकार्बोनेटची, आणि तिचं अल्कली आणि काही सॉल्व्हंटशी हाडवैर. प्लास्टिक हे आडनाव आहे हो, एका माणसाचं नाव नव्हे.

हे मला कसं माहीत? त्याच रविवारी उत्साहाच्या भरात मी उरलेला स्प्रे हेडलाइटवर मारला आणि गाडी तशीच उन्हात ठेवून जेवायला गेलो. आज उजव्या दिव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आहेत. म्हणजे स्प्रेने आमच्या गाडीचं प्लास्टिक खाल्लं हे खरंच आहे. फक्त ते भाऊजींच्या लक्षात आलेलं नाही. :)

आणि प्लास्टिकच्या काळजीत आपण ज्याकडे बघतच नाही, ते म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. घरातल्या बायकांना हे कधीचं ठाऊक आहे. धुण्याच्या सोड्यात जर्मनचं पातेलं भिजत टाका, काळं पडतं की नाही? चिमणीची जाळी साफ करायच्या कडक द्रावणात कॉस्टिक सोडा असतो, तो तर अ‍ॅल्युमिनियम अक्षरशः विरघळवतो. रेडिएटरच्या पात्या कागदाइतक्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. तेव्हा "घरगुती" एवढं वाचून बाटली उचलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

त्यात आपल्याकडे उन्हाळा. गरम इंजिनावर मारलेल्या द्रावणातलं पाणी मिनिटात उडतं आणि उरतो तो अर्क. तो धुऊन काढायला भरपूर पाणी लागतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोहने तळ गाठला होता, तेव्हा टँकरच्या पाण्याने इंजिन कोण धुणार होतं? दोन मग ओतून "झालं" म्हणायचं, आणि सगळी लिबलिब वायरच्या कपलरमध्ये वाळायची. त्यापेक्षा न धुतलेलं इंजिन बरं.

आमच्या भाच्याने तर कपाशीच्या फवारणीचा पंपच आणला होता, "मामा, यानं मस्त मारता येईल" म्हणून. मी परत पाठवला. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कॉस्टिकचा फवारा म्हणजे ते औषध नव्हे, मान्य. पण डोळे आणि फुप्फुसं तीच आहेत.

आता डिझेल. यावर मी जरा चिडूनच लिहिणार आहे. डिझेल मारल्यावर जे चमकतं ते तेल असतं, स्वच्छता नव्हे. वणीकडे एक चक्कर मारली की कोळशाची धूळ त्यावर लेपासारखी बसते. शिवाय इंजिनाच्या माऊंटिंगचं रबर आणि कूलंटच्या नळ्यांचं रबर, दोन्ही डिझेल पिऊन फुगतात आणि मऊ पडतात. डिझेलची नळी टिकतेच ना, असं म्हणू नका. तिचं रबर वेगळं असतं. म्हणजे नवी टाकी बसवायची, आणि तिला जोडलेली नळी आपणच सडवायची!

मी स्वतः आता एवढंच करतो. इंजिन पूर्ण गार, सकाळची वेळ, बॅटरीची तार काढलेली, बादलीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण, जुना ब्रश आणि ओलं फडकं. पंप नाही, फवारा नाही. हेडलाइटला नुसतं पाणी. आणि टाकीत हिरवं कूलंट, महाग असलं तरी.

भाऊजींना हे पटणार नाही, माहीत आहे. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन सारखे तुकडे कापून एक साबणाच्या पाण्यात आणि एक डिझेलमध्ये, असे दोन बरण्यांत घालून माळ्यावर ठेवलेत. बरण्यांवर तारीख लिहिली आहे. दिवाळीला आलात की पट्टी घेऊन आपण दोघं मोजू.