होय, आम्ही खुनाच्या कादंबऱ्या वाचतो

आमच्या गटाच्या महिन्याच्या बैठकीत शेवटचा अर्धा तास 'काय वाचलं' यासाठी ठेवलेला असतो. कुणी आत्मचरित्र आणते, कुणी एखादा अहवाल, कुणी कविता. गेल्या वेळी माझ्यासकट चौघींनी पिशवीतून खुनाच्या कादंबऱ्या काढल्या आणि आमच्या एक ज्येष्ठ ताई भडकल्याच. "दिवसभर मार खाल्लेल्या बायकांचे अर्ज लिहायचे आणि रात्री करमणूक म्हणून बाईचा खून वाचायचा? लाज नाही वाटत?" वेळ संपली होती, कप विसळायचे होते, उत्तर राहून गेलं. ते इथे देते आहे. ताईंचा मान ठेवून, पण पुरतं देते आहे.

आधी ताईंचं जे खरं आहे ते कबूल करते. मी बाबुराव अर्नाळकरांवर वाढले. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी! भाऊ वाचनालयातून धनंजय, झुंजार, काळापहाड आणायचा आणि मी त्या शाळेच्या पुस्तकात लपवून वाचायचे. पुढे सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद आले. धाडस करायचं ते पुरुषांनी. माझ्या आठवणीतली बाई पळवून नेलेली, नाहीतर जाळ्यात ओढणारी, नाहीतर सरळ मेलेली. मुखपृष्ठावरही तीच, घाबरलेली, पदर ढळलेली. आणि मरायचं तरी तरुण आणि देखणं असून. पन्नाशीची, भांडी घासणारी बाई मेली तर तिच्यासाठी कुठला गुप्तहेर गाडी काढून धावायचा?

ही तक्रार काही फक्त आमच्या ताईंची नाही. 2018 मध्ये ब्रिटनमध्ये ब्रिजेट लॉलेस या लेखिकेने 'स्टॉन्च बुक प्राइझ' नावाचं पारितोषिक सुरू केलं. अट अशी, की ज्या थरारक कादंबरीत एकाही बाईला मारहाण होत नाही, तिचा पाठलाग होत नाही, लैंगिक शोषण, बलात्कार किंवा खून होत नाही, तिलाच बक्षीस. त्यावर रहस्यकथा लिहिणाऱ्या अनेक बायकांनीच हरकत घेतली. वॅल मॅकडर्मिड त्यांतल्या एक. पुरुष हिंसा करताहेत तोवर आम्ही ती लिहिणार, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या बाजूची आहे.

का, ते सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2023 या एका वर्षात जगात सुमारे 51,100 बायका-मुली नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसांच्या हातून मारल्या गेल्या. म्हणजे दिवसाला 140. हे पुस्तकातून पुसून टाकलं तर बाई वाचते का? फक्त दिसेनाशी होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली एक बाई जळून मेली. कागदावर आलं 'स्टोव्हचा भडका'. घरात गॅस होता. स्टोव्ह माळ्यावर पडलेला, कोळिष्टकं धरलेला. आम्ही दोघी तिसऱ्या दिवशी पोचलो तर भिंतीला ताजा चुना. पंचनामा चार ओळींचा. लग्नाच्या सात वर्षांच्या आत बाई मेली तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची, ही तरतूद 1983 साली चळवळीच्या रेट्यामुळे झाली; हिच्या लग्नाला आठ वर्षं झालेली! अकस्मात मृत्यू म्हणून फाईल बंद. शेजारणींना सगळं ठाऊक होतं. आदल्या रात्री काय आवाज आले, रॉकेल कुणी आणलं, सगळं. त्यांना कुणी विचारलंच नाही. बायकांच्या चकाट्या, म्हणून सोडून दिलं.

आता कळेल तुम्हाला मला अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल का आवडते. 1930 साली ती पहिल्यांदा कादंबरीत आली. म्हातारी, बिनलग्नाची, हातात विणकाम. तिच्याजवळ पिस्तूल नाही की गाडी नाही. गावातल्या बायका काय बोलतात, मोलकरीण आज का रडली, हे तिला माहीत असतं, आणि त्यातूनच ती खुनी पकडते. ज्याला चकाट्या म्हणून हिणवलं, तोच पुरावा ठरतो. त्या जळालेल्या बाईच्या दारात एक मिस मार्पल हवी होती.

स्टीग लार्सन यांच्या 2005 च्या स्वीडिश कादंबरीचं मूळ नावच 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असं आहे. इंग्रजीत येताना ते झालं 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'. पुरुषांचा गुन्हा नावातून गायब आणि बाईच्या अंगावरचं गोंदण पुढे! बाजार कसा चालतो हे यापेक्षा सोपं करून सांगता येईल?

नात्सुओ किरिनो या जपानी लेखिकेची 'आउट' (1997) मी गटात मराठीतून सांगितली. टोकियोच्या उपनगरात जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या चौघी. एकीचा नवरा साठवलेले पैसे जुगारात घालवतो, वर तिच्यावर हात टाकतो. ती त्याचा गळा आवळते आणि बाकीच्या प्रेताची विल्हेवाट लावतात. आमच्यात पोळीभाजी केंद्रावर काम करणाऱ्या दोघी आहेत. त्यांनी खुनाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं, "त्यांची पाळी किती वाजता सुटायची? घरी पोरांना कोण बघायचं?" ताई, हे अभ्यासशिबिर नाही तर काय आहे?

सुजाता मॅसी यांच्या 2018 च्या कादंबरीत 1921 च्या मुंबईतली पारशी वकील परवीन मिस्त्री आहे. तीन पडदानशीन विधवांच्या मालमत्तेचा प्रश्न, घरात पुरुषाला प्रवेश नाही, म्हणून बाई वकिलाचं काम. या पात्रामागे प्रेरणा आहे ती आपल्या नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची. आणि कल्पना स्वामिनाथन यांची लल्ली तर आपल्या मुंबईचीच, पोलिसांतून निवृत्त झालेली, साठीतली.

सगळंच वाचा असं मी म्हणत नाही. जिथे लेखक प्रेताच्या अंगावरून नजर फिरवत बसतो, ते पुस्तक मी चाळिसाव्या पानावर रद्दीत टाकते. मी एवढंच बघते, की मेलेल्या बाईला नाव आहे का, ती काय काम करायची, तिच्यासाठी कोण रडलं, आणि शेवटी उत्तर द्यावं लागलं ते कुणाला. ही कसोटी मी पुस्तकाला लावते आणि पंचनाम्यालाही लावते. दुसरीकडे ती क्वचितच उतरते, म्हणून तर पहिलीकडे वळते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोणत्या रहस्यकथा फिरताहेत ते कळवा, विशेषतः मराठी बाईने लिहिलेल्या असतील तर नक्कीच. आणि ताई, पुढच्या बैठकीला या. मिस मार्पल तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. वाचून झाल्यावर खुशाल भांडा.