आता समाजाने ऐकावे

आठ ठिकाणी वाकलेल्या शरीराचे अष्टावक्र जनकराजाच्या सभेत आले तेव्हा तेथील पंडित हसले. जेथे माणसाची पारख कातडीवरून होते, तेथे ज्ञानाची पारख कोण करणार, असा प्रश्न त्या ज्ञानी पुरुषाने सभेला केला. ही कथा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. सांगणारा प्रत्येक जण अष्टावक्रांच्या बाजूचा असतो. व्यवहारात मात्र समाज बहुधा पंडितांच्या रांगेत बसलेला आढळतो.

२०२५मध्ये याचा पुन्हा प्रत्यय आला. समाजमाध्यमांवरील काही विनोदकारांनी अपंगांची व दुर्धर स्नायुविकाराने ग्रस्त असलेल्यांची थट्टा केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २५ ऑगस्ट रोजी न्यायालयाने या मंडळींना आपापल्या वाहिन्यांवरून जाहीर क्षमा मागण्यास सांगितले. हे योग्यच झाले. परंतु ज्या माध्यमातून ही थट्टा झाली, त्याच माध्यमातून अपंग व्यक्ती आज समाजाला शिकवू पाहत आहेत, याकडे किती जणांचे लक्ष आहे?

अपंगांविषयी आजवर बोलले ते प्रामुख्याने डॉक्टर, पालक आणि संस्थाचालक. त्यांच्या सेवाभावाविषयी शंका नाही. पण ते बोलणे दुसऱ्याच्या वतीने होते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’सारखे आत्मकथन क्वचितच वाचकांच्या हाती येई. आता हातातील मोबाइल पुरेसा आहे. चाकाच्या खुर्चीवरील तरुणी बँकेच्या दारातील एकच पायरी दाखवते आणि तिचा मार्ग अडतो कशामुळे, हे अर्ध्या मिनिटात कळते. डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याची सक्ती झाली की समोरच्याचे शब्दच कानी पडत नाहीत, हात हलवत राहिल्याने मन शांत होते, असे स्वमग्न युवक सांगतात. ज्याला घरात हट्ट किंवा वाईट सवय मानले गेले, त्याचा अर्थ असा प्रथमच उलगडतो. स्वमग्नता, डिस्लेक्सिया, एडीएचडी असलेले अनेक जण स्वतःला ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणवतात. मेंदूची घडण वेगळी असणे म्हणजे ती बिघडलेली असणे नव्हे, हा त्यांचा आग्रह आहे.

थट्टेइतकीच कौतुकाचीही दुसरी बाजू पाहावी लागेल. ऑस्ट्रेलियातील दिवंगत पत्रकार स्टेला यंग शाळेत शिकवत असताना एका विद्यार्थ्याने त्यांना तासाच्या मध्येच विचारले की, तुमचे प्रेरणादायी भाषण कधी सुरू होणार? चाकाच्या खुर्चीवरील बाई केवळ शिक्षिका असू शकते, हे त्याला सुचलेच नव्हते. हा अनुभव त्यांनी २०१४मधील व्याख्यानात सांगितला. आपल्याकडील सत्कारसमारंभांनीही तो आठवावा.

शब्दांचेही तसेच आहे. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. त्यामागील भावना आदराची होती. तरीही अपंगांच्या काही संघटनांनी त्यास आक्षेप घेतला. अपंगत्वात दैवी असे काही नाही. हवी आहे ती समान संधी, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्यासाठी शब्द योजायचा, त्यांचे मत ऐकणे हाही आदराचाच भाग आहे. नाव बदलले आणि पायरी तशीच राहिली, तर आदर केवळ उच्चारात उरतो.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते २१ केले आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला. तरीही असंख्य मराठी चित्रफिती उपशीर्षकांविना, तर छायाचित्रे वर्णनाविना प्रसिद्ध होतात. कर्णबधिर आणि अंध व्यक्तींसाठी ती बंद दारेच होत.

या माध्यमात सारेच ग्राह्य नसते, हेही खरे. एडीएचडीवरील १०० लोकप्रिय टिकटॉक चित्रफिती कॅनडातील संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांतील ५२ दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. हा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून निदान तज्ज्ञाकडूनच व्हावे. मात्र त्या निदानासह दिवस कसा जातो, हे सांगण्याचा अधिकार ते जगणाऱ्याचाच आहे.

२०११च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद केली. स्वमग्नतेचा स्वतंत्र रकानाही तेव्हा नव्हता. एवढ्या बांधवांना दया नको आणि देव्हाराही नको. शाळा, कचेरी, मंदिर वा सभागृह उभारताना त्यांना आधी विचारले जावे, इतकीच त्यांची अपेक्षा आहे. अष्टावक्र बोलू लागल्यावर जनकाने त्यांचे शिष्यत्व पत्करले. राजाला जे जमले, ते समाजाला अवघड का वाटावे?