वेणुपरीक्षा

घरांतील एखादें मूल बासरी शिकूं म्हणालें, कीं वडील मंडळी प्रथम किंमत विचारतात आणि मग लांबी पाहतात. आमच्या मतें प्रथम मुलाचीं बोटें पाहावीं.

भाईंदर येथें आमच्या शेजारीं एका सुशिक्षित कुटुंबानें १० वर्षांच्या मुलीस हौसेनें भली लांब बासरी आणून दिली. थोर वादकांच्या हातीं तशीच दिसते, एवढेंच तिचें समर्थन. मुलीचीं बोटें छिद्रांवर पुरेनात. एखादें छिद्र किंचित् उघडें राही आणि सुराऐवजीं नुसता फुत्कार निघे. दोन महिन्यांत घरांत निकाल लागला, कीं हिला सूरच नाहीं. पुढें आखूड बासरी मिळतांच तीच मुलगी आरोहावरोह स्वच्छ वाजवूं लागली. दोष कोणाचा आणि शिक्षा कोणास!

लांब बासरीची थोरवी खोटी नव्हे. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं सुमारें ३२ इंची बासरी मैफलींत आणली आणि ख्यालाचा गंभीर विस्तार तिच्यावर करून दाखविला. परंतु नळी जितकी लांब, तितका सूर खालचा आणि छिद्रांतील अंतरही अधिक. तो पल्ला प्रौढ हाताचा आहे.

घेतांना बांबू पक्व, वाळलेला व सरळ पाहावा. आसामकडील बांबूचीं पेरें लांब आणि कड पातळ, म्हणून कारागीर तो पसंत करतात. फुंकीच्या छिद्रापासून उघड्या टोंकापर्यंत मध्यें गांठ नसावी. टोंकांशीं गुंडाळलेला दोरा केवळ शोभेचा नसून बांबू तडकूं नये म्हणून असतो. त्याखालीं जुनी भेग दडलेली नाहीं ना, हें मात्र पाहावें.

मग सुराची परीक्षा. श्वासाच्या उबेनें सूर किंचित् चढतो, म्हणून थोडा वेळ वाजवूनच बासरी तंबोऱ्याशीं ताडून पाहावी. वरचीं तीन छिद्रें झांकून निघणारा षड्ज आणि तसेंच जोरानें फुंकून निघणारा तार षड्ज जुळले पाहिजेत. सहाही झांकून मंद्र पंचम लागला पाहिजे.

आयर्लंडच्या लोकसंगीतांतही सहा छिद्रांची लाकडी बासरीच चालते. १८४७ सालीं थिओबाल्ड बोम या जर्मन कारागिरानें धातूची नवी बासरी सिद्ध केली. पुढें वाद्यवृंदांनीं टाकलेल्या जुन्या लाकडी बासऱ्या आयरिश वादकांनीं उचलल्या. तेथें सर्व छिद्रें झांकून निघणाऱ्या सुरावरून बासरीस नांव देतात. म्हणून त्यांची 'डी' ती आपल्या हिशेबानें 'जी' ठरते. परदेशच्या आप्तांकडून वाद्य मागविणारांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

आमच्या गांवास एका अंगानें वसईची खाडी, दुसऱ्या अंगानें उत्तनचा समुद्र. पावसाळ्यांत बांबूस बुरशी धरते. वाजवून होतांच बासरी आंतून मऊ कापडानें पुसावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवींत न कोंडतां सुती खोळींत ठेवावी. उन्हांत किंवा वातानुकूल यंत्रासमोर ती तडकते.

संस्कृतांत बांबूस आणि कुळास, दोहोंसही 'वंश' म्हणतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें १३ व्या शतकांत 'संगीतरत्नाकरां'त या वंशवाद्याचें सविस्तर विवेचन केलें आहे. मुलास सूर नाहीं असें म्हणण्यापूर्वीं वाद्यास सूर आहे कीं नाहीं, एवढें घरांतील वडिलांनीं पाहावें, इतकीच आमची विनंती.