खाट मिळाली, पण भरती झाली का?



आपल्या मंडळातील पहिल्या पिढीच्या बऱ्याच जणांनी आता पासष्टी ओलांडली आहे. कित्येकांचे आईवडीलही ग्रीन कार्डावर ५ वर्षे पुरी करून मेडिकेअरमध्ये आले आहेत. म्हणून या वेळी हॉस्पिटलमधल्या एका शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे 'ऑब्झर्व्हेशन'.

समजा, बाबा बाथरूममध्ये पडले. इमर्जन्सीतून त्यांना वर खोलीत नेले. मनगटाला पट्टा, सलाईन, तिन्ही वेळचे जेवण, सगळे झाले. आपण पुण्याला फोन करून सांगतो, "बाबांना अ‍ॅडमिट केलंय." पण तीन रात्री काढूनही कागदोपत्री ते 'आउटपेशंट'च असू शकतात!

असे का होते? पूर्वी मेडिकेअर हॉस्पिटलला झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देत असे. ऑक्टोबर १९८३ पासून आजारानुसार ठराविक रक्कम मिळू लागली आणि रोग्याला लवकर घरी पाठवण्याकडे कल वाढला. पुढे तपासनीस जुनी बिले उघडून 'याला भरती करण्याची गरज नव्हती' असे म्हणत पैसे परत मागू लागले. मग जिथे शंका तिथे ऑब्झर्व्हेशन, असा सावध पवित्रा हॉस्पिटलांनी घेतला. ऑक्टोबर २०१३ मध्ये नवा नियम आला: रोग्याला दोन मध्यरात्री ओलांडून ठेवावे लागेल असे डॉक्टरांना वाटत असेल, तर साधारणपणे भरती करावे. तरीही घोळ पुरता मिटलेला नाही.

भुर्दंड पडतो तो घरी जाताना. हाड मोडल्यावर काही आठवडे नर्सिंग होममध्ये राहून व्यायाम, उपचार घ्यावे लागतात. मूळ मेडिकेअर त्याचे पहिले २० दिवस पूर्ण आणि १०० व्या दिवसापर्यंत काही भाग भरते. पण त्याआधी हॉस्पिटलात सलग ३ दिवस 'इनपेशंट' असावे लागते. ऑब्झर्व्हेशनच्या रात्री यात धरत नाहीत. सगळे बिल मग मुलांच्या गळ्यात.

तेव्हा एवढे करावे:

१. रोज विचारावे, "हे इनपेशंट आहेत की ऑब्झर्व्हेशनमध्ये?" भरतीचा हुकूम मागील तारखेने लागू होत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी विचारलेले बरे. मुक्काम लांबणार असेल तर डॉक्टरांना फेरविचार करायला सांगावे.

२. ऑब्झर्व्हेशन २४ तासांहून अधिक झाले, तर ३६ तासांच्या आत लेखी सूचना देऊन ती तोंडी समजावणे २०१७ पासून बंधनकारक आहे. आईला इंग्रजी कळत नसेल तर दुभाषा मागावा. त्याचे पैसे पडत नाहीत.

३. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजना असेल तर तिथे फोन करावा. बऱ्याच योजना ३ दिवसांची अट घालत नाहीत.

४. आधी इनपेशंट करून मग हॉस्पिटलने ऑब्झर्व्हेशनमध्ये टाकले, तर फेब्रुवारी २०२५ पासून काही अटींवर तातडीचे अपील करता येते.

"डॉक्टरांना असं कसं विचारायचं?" हा आपला जुना संकोच. पण नियम वॉशिंग्टनमध्ये बदलतात, हॉस्पिटल त्यानुसार आपली व्यवस्था लावून घेते. आपली आपणच लावायला हवी. हा कागद आईबाबांच्या औषधांच्या यादीबरोबर ठेवून द्यावा.