समुद्राचा न्याय मिरकरवाड्यापर्यंत कधी?

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 23 जुलै 2025 रोजी हवामानबदलासंबंधी आपले सल्लागार मत जाहीर केले, तेव्हा पावसाळी बंदीमुळे मिरकरवाड्याच्या नौका किनाऱ्याला लागलेल्या होत्या. हेग आणि रत्नागिरी यांचा काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु त्या मताचा खरा वाली कोण, याचा शोध घेत गेल्यास तो मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच सापडेल.

आधी हॅम्बुर्ग येथील समुद्र-कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 21 मे 2024 रोजी एक मूलभूत गोष्ट मान्य केली होती. कारखान्यांच्या व वाहनांच्या धुरातून समुद्रात मुरणारे वायू हे 1982 च्या सागरी कराराच्या अर्थाने प्रदूषणच होय आणि ते रोखणे हे राष्ट्रांचे कर्तव्य होय, असे त्याने सांगितले. हेगच्या न्यायालयाने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. निरोगी पर्यावरणावाचून जीविताचा, आरोग्याचा, अन्न-निवाऱ्याचा हक्क उपभोगताच येत नाही, असे सांगून हवामान-रक्षणातील कसूर हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे उल्लंघन ठरू शकते आणि त्यातून भरपाईची जबाबदारीही उद्भवू शकते, असे त्याने एकमताने म्हटले. ही मागणी कोणा महासत्तेची नव्हती. पॅसिफिकमधील विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये सुरू केलेली ती चळवळ होती आणि वानुआतूसारख्या चिमुकल्या राष्ट्राने ती संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेली.

या तत्त्वांची किंमत कोकणाने आधीच मोजली आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये क्यार, त्यापाठोपाठ महा, जून 2020 मध्ये निसर्ग, मे 2021 मध्ये तौक्ते, अशी वादळांची रांगच अरबी समुद्रात लागली. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र पोटात घेतो, आणि तापलेला समुद्र वादळांना बळ देतो. वादळाचा इशारा येताच नौका बंदरात परततात, डिझेलचा आणि बर्फाचा खर्च मात्र झालेला असतो. पंचनामा होतो तो फुटलेल्या नौकेचा आणि फाटलेल्या जाळ्याचा. तांडेलाच्या, खलाशाच्या, पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोण करणार? ज्यांनी हवा सर्वांत कमी बिघडवली, त्यांच्याच ताटातला घास आधी जावा, याला निसर्गाचा कोप म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. हा वर्गीय अन्याय आहे.

डिसेंबर 2024 मध्ये भारत सरकारने हेगमध्ये बाजू मांडली. ऐतिहासिक जबाबदारी श्रीमंत राष्ट्रांची आहे, हा तिचा गाभा होता. ही भूमिका न्याय्य आहे आणि समाजवाद्यांनी तिला निःसंकोच पाठिंबा दिला पाहिजे. परंतु परदेशात न्याय मागणाऱ्याने घरी तो नाकारता कामा नये. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. पालघरच्या मच्छीमारांचा विरोध असताना वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये उरकली गेली. आणि जानेवारी 2025 मध्ये खुद्द मिरकरवाडा बंदराच्या आवारातील अनधिकृत ठरवलेली बांधकामे पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त करण्यात आली.

बंदराची जागा सार्वजनिक आहे, तिच्यावर कोणीही कायमचा कब्जा सांगू नये, हे मान्यच आहे. धक्का सुधारावा, जागा मोकळी व्हावी, ही मच्छीमारांचीही गरज आहे. प्रश्न इतकाच की, ज्यांच्या श्रमावर बंदर उभे आहे, त्यांच्या जाळी ठेवण्याच्या, मासळी सुकवण्याच्या आणि विकण्याच्या जागेची तरतूद विकासाच्या आराखड्यात आधी होणार की बुलडोझर गेल्यानंतर? दालदी असो वा खारवी, किनाऱ्यावर राबणाऱ्याचा हक्क त्याच्या धर्मावरून वा जातीवरून मोजता येणार नाही.

सल्लागार मत बंधनकारक नसते, असा युक्तिवाद होईल. तो खरा आहे, पण अपुरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या 14 व 21 व्या कलमांत आहे, असे मान्य केले. आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखण्याचा निर्देश 51 व्या कलमात आहेच. सागरी करार भारताने 1995 मध्ये स्वीकारलेला आहे. हत्यार हाती आहे, ते उचलणारे हात हवेत.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय वकिलांवर सोपवून स्वस्थ बसू नये. वादळात बुडालेल्या मजुरीची नोंद गावोगाव ठेवणे, परप्रांतीय व नेपाळी खलाशांनाही भरपाईच्या यादीत घेण्याचा आग्रह धरणे, बंदराच्या प्रत्येक आराखड्यावर मच्छीमार सोसायट्या आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांची उघड सुनावणी मागणे, ही कामे आजच हाती घेण्यासारखी आहेत. हेगमध्ये लिहिले गेलेले शब्द मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उतरवण्याचे काम कोणतेही न्यायालय करणार नाही. ते संघटनेलाच करावे लागेल.