आधी बोली, मग लढाई

परवा शनिवारी रात्री साडेदहाला माझा सख्खा भाऊ मला फोनवर म्हणाला, "ताई, तू पहिल्यापासूनच चीटर आहेस." विषय घराच्या वाटणीचा नव्हता, आहेराचा तर मुळीच नव्हता. विषय होता टाऊन पोर्टलचा.

थांबा, पान उलटू नका. गेमिंगचं तुम्हाला वावडं असलं तरी चालेल. ही भानगड तुमच्याही घरात नाहीतर ऑफिसात दुसऱ्या कुठल्या तरी नावाने चालू असणारच.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3' हा गेम 1999 साली आला. नकाशावर तुमचं एक शहर, घोड्यावर बसलेला हीरो, त्याच्यामागे सैन्य. पाळीपाळीने चाल करायची, खाणी ताब्यात घ्यायच्या, वाटेतल्या राक्षसांना मारून त्यांनी राखलेल्या जादूच्या वस्तू उचलायच्या आणि शेवटी समोरच्याचं शहर घ्यायचं. म्हटलं तर बुद्धिबळ, म्हटलं तर चांदोबा. "एवढा एक दिवस खेळू आणि झोपू" असं म्हणत पहाटेचे चार कधी वाजायचे, कळायचं नाही.

आमच्या जालन्याच्या घरात कॉम्प्युटर आला तो 2002 साली, माझ्या बारावीसाठी. म्हणजे बाबांच्या मते. आठवड्याभरात कुणाकडून तरी कॉपी केलेली सीडी घरात आली आणि बारावीचं जे काय व्हायचं ते झालं. गेममध्ये 'हॉट सीट' नावाची सोय होती: एकच कॉम्प्युटर, एकच खुर्ची, पाळी आली की बसायचं आणि दुसऱ्याने खोलीबाहेर जायचं. बघायचं नाही. भाऊ तेव्हा बारा वर्षांचा. तो इमानदारीत ओट्यावर जाऊन बसायचा. मी मात्र दाराच्या फटीतून... असो. त्यात लोडशेडिंग. ऐन लढाईत लाइट जायची, यूपीएस टीं-टीं करायला लागायचा आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बरं झालं!"

माझं शहर ठरलेलं, नेक्रोपोलिस. भुताखेतांचं. तिथला हीरो लढाई जिंकला की मेलेल्यांतून सांगाडे उठवून आपल्याच सैन्यात भरती करतो. विद्या पूर्ण शिकला असेल तर 30 टक्क्यांपर्यंत. म्हणजे जितकं लढाल तितकं सैन्य वाढत जातं, फुकटात. वर तीन वस्तू जोडून होणारा तो मृतराजाचा झगा मिळाला तर सांगाड्यांच्या जागी थेट लिच उठतात. समोरच्याने मग सरळ जेवायला जावं.

भावाचं शहर स्ट्राँगहोल्ड. रानटी लोकांचं. का, तर त्यातला बेहेमोथ त्याला 'लई भारी' दिसायचा. बेहेमोथ भारी आहेच, पण या शहरात मंत्रशाळेचे तीनच मजले बांधता येतात. माझ्याकडे पाच. आणि टाऊन पोर्टल हा मंत्र चौथ्या मजल्यावर मिळतो.

हा मंत्र म्हणजे काय, ते नीट ऐका. पृथ्वीविद्येत हात बसला की तुम्ही नकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आपल्या हव्या त्या शहरात एका क्षणात हजर होता. भाऊ तीन-तीन दिवस डोंगर चढत, दलदल तुडवत सैन्य घेऊन माझ्या वेशीपाशी यायचा. मी पार दुसऱ्या टोकाला आहे हे त्याला पक्कं माहीत. मग मी मंत्र म्हणायचे. तो ओट्यावरून आत यायचा, स्क्रीनकडे बघायचा आणि म्हणायचा, "कामून? तू तर तिकडं होतीस ना?"

आपल्या शहरात हा मंत्र शिकायची सोयच नाही, हे त्याला कित्येक महिने माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

2003 मध्ये मी इंजिनीअरिंगला पुण्याला आले आणि इथलीच झाले. भाऊ 2008 मध्ये बारावी झाला, त्याच वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि तो मोंढ्यात आमच्या आडतीवर बसला. तात्पुरता. तो अजून तिथेच आहे. चांगलं चाललंय, माझ्यापेक्षा आधी त्याने गाडी घेतली. पण तेव्हा कुणी त्याला विचारल्याचं मला आठवत नाही.

2020च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही पुन्हा खेळायला लागलो, तो जालन्यात, मी पुण्यात. तोवर गेम काढणारी कंपनी कधीच गेली होती. थ्रीडीओने 2003 मध्येच दिवाळं काढलं. पण खेळणारे गेले नव्हते. 2011च्या शेवटी रशियन बोलणाऱ्या काही चाहत्यांनी 'हॉर्न ऑफ द अबिस' नावाची स्वतःची आवृत्ती काढली आणि आज सिरियस मंडळी बहुतेक तीच खेळतात. त्यात नवीन शहरं आहेतच, पण खरी मेहनत आहे ती तराजूची. काय फार जड झालंय, काय हलकं पडलंय, कुणाचं किती छाटायचं. गेमर लोक जड वस्तूचे दात काढण्याला 'नर्फ' म्हणतात आणि हलकीला बळ देण्याला 'बफ'. माझ्या लाडक्या सांगाड्यांचा टक्का या मंडळींनी निम्म्यावर आणला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अप्रेझलच्या बेल कर्व्हची आठवण झाली. वर्षभर राबा आणि शेवटी कोणीतरी म्हणणार, तुमचं जरा जास्तच होतंय.

बरं, दात काढणं वाटतं तितकं सोपं नाही. 1999 मध्येच कंपनीने पहिल्या विस्तारात एक यंत्रांचं, सायन्स-फिक्शन शहर आणायचं ठरवलं होतं. चाहत्यांनी असा आरडाओरडा केला की ते रद्द झालं आणि त्याजागी कॉन्फ्लक्स आलं. ते निघालं इतकं जड, की पुढे अनेक स्पर्धांमध्ये त्यावर बंदी घालावी लागली. घ्या!

आमच्या घरच्या तराजूचंही तेच झालं. गेल्या पावसाळ्यात भाऊ म्हणाला, टाऊन पोर्टल बंद, तरच खेळतो. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. दोन शनिवार खेळलो आणि दोघंही वैतागलो. घर राखायला कोणीतरी मागे ठेवावंच लागतं, लांब गेलेला हीरो परत यायला आठवडा घेतो, कुणीच कुणावर धड चाल करत नाही. दोन पहारेकरी आपापल्या गेटवर बसून एकमेकांना गुड नाइट म्हणताहेत, असला गेम. तेव्हा कळलं की ज्या मंत्राने त्याला छळलं, त्याच मंत्रामुळे या गेमला वेग होता.

शिवाय बोट सगळे दाखवतात ते वरच्या मजल्यावरच्या मंत्रांकडे. डायमेंशन डोअर, फ्लाय, असले. स्पर्धांच्या बऱ्याच नकाशांत ते बंदच असतात. पण 'स्लो' बघा. अगदी पहिल्या मजल्यावरचा, चिल्लर मंत्र. पृथ्वीविद्या पूर्ण आली की त्याने समोरच्या सगळ्या सैन्याचा वेग एका झटक्यात निम्मा होतो. त्याने जितक्या लढाया फिरवल्यात तितक्या क्वचितच एखाद्या महागड्या मंत्राने फिरवल्या असतील. ऑफिसात नाही का, सीईओपेक्षा ॲडमिनचा माणूस जास्त कामं अडवू शकतो.

मग एका शनिवारी भावाला ऑर्ब ऑफ इनहिबिशन सापडला. हा गोळा ज्याच्या हीरोकडे असेल त्याच्या लढाईत मंत्रच चालत नाहीत, कुणाचेच. माझ्यासारख्या मंत्रवालीच्या हातात हा गोळा म्हणजे धोंडा. रानटी हीरोच्या हातात मात्र वरदान, कारण त्याचं कुठे काय अडतंय? त्या रात्री माझे पाच मजले शून्य झाले आणि बेहेमोथांनी मला धुऊन काढलं. मी लगेच म्हटलं, "हा ऑर्ब बॅन करायला पाहिजे. फारच अनफेअर आहे."

फोनवर दोन सेकंद शांतता. मग तो इतका हसला की मागून वहिनीने विचारलं काय झालं.

लाज वाटली हो. वीस वर्षं "ओरिजिनल ते ओरिजिनल, नियमांना हात लावायचा नाही" असं लेक्चर देणारी मी, आणि पहिल्यांदा माझ्या पायाला चटका बसला तर मला लगेच समतोल आठवला.

मागच्या दिवाळीत सावंतवाडीला गेलो होतो, तिथे दशावतारी गंजिफा बघितला. 120 पत्ते, दहा अवतारांचे दहा संच. राजा आणि प्रधान वरच, पण खालच्या आकड्यांचं गणित गमतीचं: निम्म्या संचांत दश्शी मोठी, तर उरलेल्यांत एक्का मोठा. आणि दिवसा डाव रामाने सुरू होतो, रात्री कृष्णाने. हातात दुर्री-तिर्री आली म्हणून रडायची सोयच नाही, कदाचित तुमच्या संचात तीच भारी असेल. त्यात छाटाछाट केलेली नाही, नुसती मोजायची दिशा उलटी. मी भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "एवढं डोकं लावायला आपल्याला वेळ आहे का? आपण हर्रास करू."

हर्रास म्हणजे लिलाव. मोंढ्यात तो रोज तेच करतो. आणि गंमत अशी की स्पर्धा खेळणारेही तेच करतात. जड शहर कुणाला मिळणार यावर भांडायचं नाही, दोघांनी बोली लावायची. सुरुवातीच्या सोन्यातलं जो जास्त सोडायला तयार, शहर त्याचं. मग ते किती जड आहे हे कुणा तज्ज्ञाने ठरवायची गरज राहत नाही. ज्याला हवंय तोच किंमत सांगतो. लहानपणी आई आम्हाला एकच मोसंबी द्यायची आणि म्हणायची, एकाने कापा, दुसऱ्याने आधी उचला. काय सुरेख दोन फोडी व्हायच्या!

तर परवाच्या शनिवारी पहिला हर्रास. मी मनात ठरवून आले होते. म्हटलं, "हे बघ, नेक्रोपोलिस तूच घे. बोली-बिली नको. मी वीस वर्षं खेळले त्यावर." मला वाटलं खूश होईल.

"फुकट नको मला," तो म्हणाला. चिडून नाही, मोंढ्यातल्या आवाजात. "बोली लाव, ताई. तुला पाहिजे असलं तर तुझ्या किमतीला घे. मला पाहिजे असलं तर मी माझ्या किमतीला घेईन."

मी काय बोलणार? त्याने हजाराने सुरुवात केली, मी दोन म्हटलं. तीन. साडेतीन. चार हजारांवर मला घाम फुटायला लागला, कारण एवढं सोनं सोडलं तर पहिल्या आठवड्यात शहरात काय बांधणार, डोंबल? तो मात्र निवांत, मागून टीव्हीचा आवाज येतोय. पाच म्हटल्यावर तो थांबला. "घेऊन टाक. तुझी हौस आहे."

आणि मग मला स्ट्राँगहोल्ड घेऊन हाणायला लागला. माझ्याकडे सांगाडे होते, पण त्यांना पोसायला तिजोरीत काही नव्हतं, आणि टक्काही पूर्वीचा राहिला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्याचे बेहेमोथ माझ्या वेशीवर आले. माझी मुख्य हीरो पार नकाशाच्या दुसऱ्या टोकाला. तो वाट बघत होता की मी आता मंत्र म्हणणार. "म्हण ना, म्हण," फोनवर चिडवत होता. "चीटर."

मंत्राला बारा पॉइंट लागतात. माझ्याकडे उरले होते आठ. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. "साडेबारा वाजले रे, उद्या लवकर उठायचंय," असं म्हणून मी गेम सेव्ह केला. आता या शनिवारी बघू.